वॅट शेवटी बघा: घरातल्या अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी जुळवताना

लातूरचं मार्केट असो की नांदेडचं, गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कितीचा आहे? शंभर वॅटचा की दोनशेचा?" दुकानदार खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा दाखवतो आणि सौदा होतो. घरी आणल्यावर डग्गा नुसता घुमतो, गाणाऱ्याचा आवाज चिरका लागतो आणि दोन-तीन महिन्यांत एका बाजूचा ट्विटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) उडतो. मग "वॅट कमी पडले" म्हणून पुन्हा दुकान.

खोली, स्पीकरची संवेदनक्षमता, ओहम (स्पीकरचा रोध) आणि घरात प्रत्यक्ष येणारं व्होल्टेज एवढं आधी पाहून घेतलं की वॅटचा आकडा त्यातूनच निघतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

आधी खोलीत टाळी वाजवा

रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर "टर्रर्र" असा बारीक थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. स्लॅबच्या घरात, खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स आणि भिंतीवर फक्त कॅलेंडर असेल, तर हे हमखास होतं. अशा खोलीत कितीही भारी जोडी लावली तरी झांजा आणि "स", "श" ही अक्षरं टोचतात. जाड सतरंजी अंथरा, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगा, खिडकीला घडीदार पडदा लावा. एवढ्याने जो फरक पडतो, तो अँप्लिफायर बदलून पडत नाही.

खर्ज मात्र गोधडीने आवरत नाही. समोरासमोरच्या भिंतींतलं अंतर १२ फूट असेल तर साधारण ४७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, १० फुटांना ५६ हर्ट्झच्या आसपास. १०×१० अशी चौरस खोली सर्वांत वाईट, कारण दोन्ही दिशांचं घुमणं एकाच जागी येऊन बसतं. त्यावर उपाय जागेचा आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून एक ते दीड फूट पुढे आणा आणि ऐकायची बैठक खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि लाकडाचं छत असतं, तिथे स्लॅबच्या खोलीपेक्षा घुमणं कमी. अशी खोली घरात असेल आणि ती अडगळीला दिली असेल, तर अडगळ हलवा, सिस्टिम तिथे मांडा. पत्र्याच्या खोलीचं उलटं आहे: खर्जाला पत्रा वाजतो आणि माणसाला वाटतं स्पीकरच फाटला. हाताने पत्रा दाबून धरा. खरखर थांबली तर दोष पत्र्याच्या ढिल्या हुकांचा.

एक गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा असं सगळेच सांगतात, पण ती उंची खुर्चीत बसणाऱ्याची असते, म्हणजे साधारण साडेतीन फूट. आपल्याकडे गादीवर मांडी घालून ऐकलं जातं आणि तेव्हा कान जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येतो. स्टँड त्या मापाने करून घ्या, नाहीतर स्पीकर पुढे किंचित झुकवा.

स्पीकरचा खरा आकडा: डेसिबल

स्पीकरच्या मागे किंवा कागदावर "८७ डेसिबल, १ वॅट, १ मीटर" असं काहीतरी लिहिलेलं असतं. हीच संवेदनक्षमता. १ वॅट दिला की १ मीटरवर किती मोठा आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अँप आणून आवाज दुप्पट होत नाही, थोडासा वाढतो.

हिशेब असा करा. बैठक स्पीकरपासून १० फुटांवर, म्हणजे ३ मीटरवर आहे. बंद खोलीत तिथपर्यंत साधारण ६ डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर असल्याने ३ परत मिळतात. ८७ डेसिबलच्या जोडीला प्रत्येकी १ वॅट दिला की बैठकीवर ८४ डेसिबल पोचतात. घरात जोरात ऐकणं म्हणतात ते साधारण एवढंच. पण तबल्याची थाप किंवा ढोलकीचा कडाका सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी मारतो. १०० डेसिबलचे शिखर स्वच्छ यायचे तर ८४ च्या वर १६ डेसिबल, म्हणजे ४० वॅट हवेत.

हाच हिशेब ९२ डेसिबलच्या स्पीकरला लावला तर १२-१३ वॅट पुरतात. ८३ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फला १०० वॅट लागतात. तिन्ही स्पीकरांच्या खोक्यावर "१०० वॅट" लिहिलेलं असू शकतं! तो आकडा स्पीकर किती सोसतो ते सांगतो, त्याला किती लागतं ते नाही.

डेसिबलचा आकडा छापलेलाच नसेल तर ४ इंची वूफरचे (वूफर म्हणजे खर्जाचा स्पीकर) छोटे स्पीकर ८३ ते ८५, साडेसहा इंचीचे ८६ ते ८८ धरून चाला. ८ इंची वूफर आणि भोंग्याचा ट्विटर असलेले त्याहून वर जातात.

ओहम: मीटर लावूनच खात्री करा

मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, स्पीकरची वायर अँपपासून सोडवा आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलवर काड्या लावा. मीटर नेहमी नावापेक्षा कमी दाखवतो. ५.५ ते ७ आलं तर स्पीकर ८ ओहमचा, ४.५ ते ५ आलं तर ६ चा, ३ ते ३.६ आलं तर ४ ओहमचा. काहीच आलं नाही तर कॉइल किंवा आतली वायर तुटलेली. १ च्या खाली आलं तर तो स्पीकर अँपला लावूच नका.

८-८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की ४ ओहम होतात. ४-४ चे जोडले की २. घरगुती अँप २ ओहमवर चालवायचा नसतो. गच्चीवर किंवा ओसरीत "आणखी दोन लावू" म्हणून जोडणी वाढवणाऱ्यांचे अँप इथेच जातात. अँपवर ए आणि बी अशी स्पीकरांची दोन बटणं असतील तर दोन्ही एकदम दाबली की बहुतेक अँपमध्ये समांतर जोडणीच होते. एका चॅनेलला ८ आणि दुसऱ्याला ४ ओहम अशी विजोड जोडीही नको. ४ ओहमच्या बाजूला त्याच व्होल्टेजवर दुप्पट वॅट जातात आणि गाणं एका अंगाला कलतं.

ट्रॅक्टरवरचे ओव्हल स्पीकर काढून घरात लावायची हौस आपल्याकडे भारी. ते ४ ओहमचे असतात आणि मागे बंद खोकं असेल तरच खर्ज देतात. नुसते फळीवर ठोकले तर पुढची हवा मागे जाऊन खर्ज खाते. मंडपवाल्याचा अँप घरी आणला असेल तर "१०० व्होल्ट" किंवा "७० व्होल्ट" लिहिलेल्या टर्मिनलला घरचा स्पीकर लावू नका. त्या लाइनवर फक्त ट्रान्सफॉर्मर लावलेले भोंगे चालतात.

अँपचे वॅट खरे किती

खोक्यावरचा पीएमपीओ (क्षणिक शिखराचे वॅट) हा आकडा सरळ विसरा. त्याला कसलंही सर्वमान्य माप नाही. अँपच्या मागची पट्टी वाचा. तिथे "२३० व्होल्ट, ६० वॅट" लिहिलं असेल तर भिंतीतून ६० घेऊन स्पीकरला हजार वॅट देणारं यंत्र अजून निघालेलं नाही. अडॅप्टरवर चालणाऱ्या अँपचा तर हिशेब आणखी सोपा: १२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे एकूण ६० वॅट, आणि त्यातलेही सगळे स्पीकरपर्यंत पोचत नाहीत.

सध्या बाजारात जे छोटे डी-क्लास (फार न तापणारे) अँपचे बोर्ड मिळतात, त्यांत टीपीए ३११६ आयसी पुष्कळदा असते. २४ व्होल्ट दिले तर ती ८ ओहमला प्रत्येक चॅनेलवर साधारण ३० वॅट देते. तोच बोर्ड १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवला तर ९ वॅटच्या आसपास. बोर्ड तोच, आयसी तीच, फरक फक्त अडॅप्टरचा. या बोर्डांचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे काळी वायरही शून्याला जोडलेली नसते, म्हणून दोन्ही चॅनेलच्या काळ्या वायरी एकत्र बांधायच्या नाहीत आणि बॉडीलाही लावायच्या नाहीत. जुनी एलए ४४४० आयसी १३.२ व्होल्टवर ४ ओहमला चॅनेलमागे ६ वॅटच देते, तेही आवाज फाटण्याच्या काठावर. संवेदनशील स्पीकर असेल तर तेवढ्यातही खोली भरते, हे तितकंच खरं.

टीडीए ७२९४ या अँपच्या आयसीचे बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून जुळवून घेणारे बरेच आहेत. चूक होते ती ट्रान्सफॉर्मरमध्ये. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर (मधल्या शून्यापासून दोन्हीकडे २४ व्होल्ट एसी) डायोड आणि फिल्टरनंतर साधारण अधिक-उणे ३३ व्होल्ट डीसी देतो. ८ ओहमला ते ठीक आहे. ४ ओहमला या आयसीला अधिक-उणे २७ च्या वर द्यायचे नसतात, तिथे १८-०-१८ घ्या. ३३ व्होल्टवर ८ ओहमला आयसीला जास्तीत जास्त २७-२८ वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते, ४ ओहमला तीच ५५ होते. हीटसिंक तेवढाच राहिला की मे महिन्यात आयसी स्वतःला बंद करून घेते, आणि लोक म्हणतात बोर्ड डुप्लिकेट निघाला.

डीपीवरचा लोड आणि तुमचा आवाज

गावाकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरचं व्होल्टेज २३० वरून १९० वर येणं काही नवीन नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या अँपमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात पडतं आणि वॅट वर्गाच्या प्रमाणात: ५० वॅटचा अँप ३४ वॅटचा होतो. डेसिबलमध्ये मोजलं तर फरक दोनपेक्षाही कमी, त्यामुळे कानाला लगेच कळत नाही. पण स्वच्छ आवाजाची वरची मर्यादा मात्र खाली आलेली असते. रात्री जिथे स्वच्छ वाजत होतं, त्याच खुणेवर दुपारी तबल्याची थाप फाटते.

आवाज फाटतो म्हणजे लाटेचा माथा सपाट होतो. त्या सपाट माथ्यातून वरच्या पट्टीची जास्तीची ऊर्जा तयार होते आणि ती थेट ट्विटरकडे जाते. शिवाय माथे कापलेले असूनही माणूस आवाज वाढवत राहतो, म्हणून हळू भागही जोरात येऊ लागतात आणि ट्विटरला उसंत मिळत नाही. मोठ्या स्पीकरला छोटा अँप लावून ट्विटर जळतो, तो असा.

संध्याकाळी मोटारी बंद झाल्या की उलटं संकट. २५५ व्होल्ट आले तर वरचा २४-०-२४ अधिक-उणे ३६-३७ वर जातो, गाणं बंद असताना आणखी थोडा वर. टीडीए ७२९४ ची मर्यादा अधिक-उणे ४० आहे, म्हणजे हातात काही राहत नाही. अशा गावात २२-०-२२ घ्या, थोडे वॅट गेले तर जाऊ द्या. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेल्या चांगल्या अडॅप्टरवर चालणाऱ्या डी-क्लास अँपला कमी व्होल्टेजचा त्रास होत नाही. लोडशेडिंग आणि डिम लाईटच्या भागात नवीन घेणाऱ्याने तोच घ्यावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर लाईट गेल्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो; तेवढा वेळ अँप बंद ठेवा.

जोडणी

स्पीकर लावण्याआधी अँपचं डीसी तपासा. इनपुट काढून ठेवा, अँप सुरू करा, स्पीकर न लावता दोन टर्मिनलवर मीटर डीसी मिलिव्होल्टला लावा. ५० च्या आत हवं. दोन-चार व्होल्ट किंवा जास्त दिसले तर अँपमध्ये दोष आहे, बहुधा आउटपुटचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी; दुरुस्तीआधी स्पीकर लावू नका, कॉइल तापून जळू शकते. व्हॉल्व्हचा जुना अँप असेल तर ही आणि पुढे येणारी नेलपॉलिशच्या खुणेची चाचणी करू नका, तो स्पीकरशिवाय चालवायचा नसतो.

वायरला फार पैसे घालवू नका. ५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १ एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायरीत ०.१७ ओहम, दीड एमएमच्यात ०.१२, अडीचच्यात ०.०७. ८ ओहमच्या स्पीकरला एकूण रोध ०.४ ओहमच्या आत पुरे, तेव्हा घराच्या वायरिंगची दीड एमएमची लवचीक तांब्याची वायर उत्तम. ४ ओहमला किंवा लांब हॉलला अडीच एमएम घ्या. ब्लेडने तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. तिचा रोध साधारण दीडपट आणि टोकही लवकर तुटतं.

आता दिशा. पेन्सिल सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला क्षणभर टेकवा, वूफरचा पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकर असेच तपासा. एक उलटा असेल तर खर्ज गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. "खर्ज नाही" म्हणून सबवूफर विकत घेणाऱ्यांनी आधी ही एक रुपयाही न लागणारी चाचणी करावी.

नेलपॉलिशची खूण

व्हॉल्यूमचं बटण कुठपर्यंत फिरवायचं हे एकदाच मोजून ठेवा. स्पीकर सोडवा. फोनमध्ये टोन काढणारं अॅप घेऊन ६० हर्ट्झ लावा, फोनचा आवाज पूर्ण, अँपचे बास-ट्रेबल मधोमध. मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून आउटपुटच्या लाल-काळ्या टर्मिनलवर लावा. हवं ते व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहम यांचं वर्गमूळ. स्पीकर ४० वॅट आरएमएस (सतत सोसायचे वॅट), ८ ओहम असेल तर १७.९ व्होल्ट. ४० वॅट, ४ ओहमला १२.६. अँप स्पीकरपेक्षा छोटा असेल तर अँपचे वॅट धरा: ३० वॅट, ८ ओहमला १५.५. तिथे बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, टोन बंद करा, मगच स्पीकर जोडा. हा टोन स्पीकर लावून या पातळीला वाजवायचा नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांची पातळी कमी असते, तिथे खूण थोडी ओलांडली तरी चालते. पण बास वाढवल्यावर ही खूण खोटी पडते. बास ६ डेसिबल वाढवला की त्या पट्टीत चौपट वॅट लागतात, १० वाढवला की दहापट. ४० वॅटच्या अँपकडून ४०० कुठून येणार! लाउडनेसचं बटण अगदी हळू ऐकतानाच दाबा.

ट्विटर वर चढत असेल तर

सगळं जुळूनही झांज आणि हार्मोनियमची वरची सप्तकं पुढे येत असतील, तर ट्विटर वूफरपेक्षा संवेदनशील आहे. ट्रेबल कमी करून तात्पुरतं भागतं. कायमचं हवं असेल तर ८ ओहमच्या ट्विटरला ओळीत २.२ ओहम आणि ट्विटरच्या दोन टोकांना समांतर १८ ओहम, दोन्ही १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर लावा. आवाज ३ डेसिबलने उतरतो आणि क्रॉसओव्हरला (खर्ज वूफरकडे आणि वरची पट्टी ट्विटरकडे वाटणाऱ्या सर्किटला) ओहम जवळपास ८ च दिसतात, म्हणून तो बिघडत नाही.

वरून वेगळा ट्विटर लावत असाल तर ओळीत नॉन-पोलर कंडेन्सर हवाच. ८ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड दिला की ४२०० हर्ट्झच्या खालचं कमी होत जातं, २.२ दिला की ९००० च्या खालचं. साध्या छोट्या ट्विटरला २.२ किंवा ३.३ सुरक्षित. सबवूफर असेल तर साडेपाच-सहा इंची वूफरसोबत ८० हर्ट्झवर, ४ इंचीसोबत १०० ते १२० वर तोडा.

गुणगुण आणि उष्णता

हम येत असेल तर आधी सगळे इनपुट काढा. तरीही राहिला तर अँपचा फिल्टर कंडेन्सर सुकलेला असतो किंवा अर्थिंग नाही. इनपुट काढताच गेला, तर केबल टीव्हीची वायर, लॅपटॉपचा चार्जर असं एकेक काढून गुन्हेगार शोधा. अर्थची पिन कापून हम घालवणं म्हणजे बॉडीला करंट येण्याची सोय करणं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असेल तर अर्थिंग नाहीतर न्यूट्रल कमजोर. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मुरमाड माळावर ओल टिकतच नाही, म्हणून मार्च ते जूनमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घालत जा.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो. हीटसिंक खोलीपेक्षा ३० अंशांनी जरी तापला तरी तो सत्तरी ओलांडतो. अँपवर वरच्या बाजूने किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका, आणि त्यावर विणलेला रुमाल तर मुळीच घालू नका. धूळ दर दोन महिन्यांनी प्लग काढून, कोरड्या ब्रशने. पहिल्या दिवशी नेहमीच्या आवाजात तासभर वाजवून हीटसिंकवर बोट ठेवा. पाच सेकंद टेकवता आलं तर ठीक. चटका बसून लगेच उचलावं लागलं तर ओहम आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा मोजा, आणि दोन्ही बरोबर असतील तर हीटसिंक मोठा करून घ्या.